नासर्डीकाठच्या उद्यानात तणनाशकाला पर्याय काय सुचवावा?

प्रश्न (नासर्डीकाठचा रहिवासी):
नमस्कार. नाशिकमध्ये नासर्डी नदीकाठी आमच्या वसाहतीलगतच्या सार्वजनिक उद्यानात मृगाच्या तोंडावर पायवाटेच्या पेव्हर ब्लॉकच्या फटींत आणि कुंपणाच्या कडेने तणनाशक फवारले जाते. उद्यानाचा उतार थेट पावसाळी गटाराकडे आहे, ते गटार नासर्डीत उघडते आणि नासर्डी टाकळीजवळ गोदावरीला मिळते. ही फवारणी कमी व्हावी, असे निवेदन आम्ही काही रहिवासी देणार आहोत. 'रसायने बंद करा' एवढेच लिहिले तर ते फायलीत पडून राहील. म्हणून नेमके काय मागावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (मातीपाणी):
हिरवळीपेक्षा पायवाटेचा मुद्दा आधी मांडा. ग्लायफोसेटसारखे तणनाशक मातीच्या कणांना घट्ट चिकटते, त्यामुळे भुसभुशीत जमिनीवर पडलेले बरेचसे तिथेच अडकून राहते. काँक्रीटवर मात्र त्याला धरून ठेवायला माती नसते आणि पहिल्याच जोरदार सरीबरोबर ते गटारात उतरते. हे पाणी मलनिस्सारण केंद्रात जात नाही. तेव्हा फरसबंदीवर, नाल्याच्या काठावर आणि पावसाचा अंदाज असताना फवारणी करू नये, अशी स्पष्ट मागणी करा. शिवाय 2022 साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे. पंप पाठीवर घेणारा माणूस कोण आहे, हे विचारायला हरकत नाही. डब्यावरचा हिरवा त्रिकोण दाखवून कोणी निश्चिंत राहायला सांगितले, तर तो रंग पोटात किंवा कातडीवर गेल्यास होणाऱ्या विषबाधेपुरता असतो, मासे आणि बेडकांविषयी तो काही सांगत नाही, हे लक्षात असू द्या.

उत्तर (निफाडचा बागाईतदार):
शहराने फवारणी कमी करावी, हे योग्यच आहे. तरी गोदेच्या पाण्यातील औषधांचा विषय निघाला की आम्हा शेतकऱ्यांचा वाटा विसरता येत नाही, हे मी स्वतःच कबूल करतो. पण एक गोष्ट आमच्याकडून घेण्यासारखी आहे. युरोपला द्राक्षे पाठवायची असतील, तर कोणते औषध, किती मात्रेत, कोणत्या तारखेला मारले याची नोंद आम्हाला ठेवावीच लागते आणि शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस मोजावे लागतात. उद्यानाच्या फाटकावर तशीच एक वही असावी, एवढी मागणी केली तरी पुष्कळ. नोंद ठेवावी लागली की हात आपोआप आखडतो, हा माझा अनुभव आहे. आणि आमच्या तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे 2020 साली जाहीर झालेले राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. शहरातून वाहून येणारे पाणी शेवटी तिथेच येते, हेही निवेदनात लिहा.

उत्तर (जुने नाशिककर):
निवेदन डासांपर्यंत ताणू नये, असे मला वाटते. डेंग्यूच्या दिवसांत धूरफवारणी बंद करा म्हटले, तर कोणीही ऐकणार नाही. धुराने उडणारे डास मरतात, कुंड्यांखालच्या ताटल्यांतील अळ्या मात्र तशाच राहतात, म्हणून साचलेले पाणी ओतून टाकणे हे मूळ काम आहे. परंतु तो वेगळा विषय झाला.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचे आभार. डासांचा मुद्दा वगळतो, वहीचा पहिल्या क्रमांकावर घेतो. फटींतील तण खुरप्याने काढता येईल. पण कुंपणालगत गाजरगवत माजले आहे, त्याचे काय करावे?

उत्तर (मातीपाणी):
फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. फुले आल्यावर उपटले तर परागकणांचा त्रास होतो आणि बीही सांडते. शिवाय 1984 साली जैविक नियंत्रणासाठी भारतात सोडलेले मेक्सिकन भुंगे पावसाळ्यात या गवताची पाने खाताना दिसतात. दुसऱ्या एखाद्या मोकळ्या भूखंडावर ते आढळले, तर सच्छिद्र झाकणाच्या बरणीत गोळा करून आपल्या कुंपणालगत सोडा. मात्र त्यानंतर तिथे कोणतेही कीटकनाशक मारू देऊ नका, नाहीतर आधी तेच मरतील.