दीर्घकालीन स्मृतीत जाणारी वाट एकच आहे का?

माहिती आधी अल्पकालीन (काही सेकंदच टिकणाऱ्या) स्मृतीत येते आणि घोकल्यावर दीर्घकालीन स्मृतीत जाते, असं या चर्चेत वर म्हटलंय. दोन्ही वेगळ्या आहेत हे मान्यच, पण एकीतूनच दुसरीत जाता येतं हे मला पटत नाही. हेन्री मोलेसन या रुग्णाचा दाखला वर आलाय: १९५३च्या मेंदूच्या शस्त्रक्रियेत हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या मेंदूच्या भागाचा) बराच भाग गेल्यावर ऐकलेले आकडे तो लगेच म्हणून दाखवायचा, पण नवे प्रसंग, नवी माणसं त्याच्या लक्षात राहत नसत. याची नेमकी उलटी बाजू इथे कुणी मांडलेली नाही. एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये के. एफ. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाबद्दल लिहिलं. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालेल्या या माणसाला ऐकलेले एक-दोन आकडेच कसेबसे परत सांगता येत, तरी नव्या गोष्टी शिकून त्या दीर्घकाळ लक्षात ठेवणं त्याला जमत होतं! वाट एकच असती तर हे झालंच नसतं.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की, तेच आकडे लिहून दाखवले तर त्याची कामगिरी सुधारायची. म्हणजे अल्पकालीन स्मृतीतही ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगवेगळं सांभाळलं जातं. १९७४ मध्ये बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी कार्यकारी स्मृतीचं (काम करताना माहिती थोडा वेळ मनात धरून वापरणाऱ्या स्मृतीचं) जे प्रारूप मांडलं, त्यामागे अशा रुग्णांचाही पुरावा होता. आणि घोकण्याबद्दल: नुसतं पुटपुटून फोन नंबर लावेपर्यंत टिकतो, पुढे टिकायला त्याला काहीतरी अर्थ जोडावा लागतो.