फोर्ट कोची, दोघंच, डिसेंबरमध्ये – कसं प्लॅन करू?

भटकभवानी: लग्नाचा वाढदिवस आहे, मुलांना आजीकडे ठेवून चार दिवस कोचीला जायचा विचार चाललाय. नवरा म्हणतो एर्नाकुलममध्ये (पलीकडच्या नव्या शहरात) हॉटेल स्वस्त पडेल, मला जुन्या गावातच राहायचंय. आणि बीच कसा आहे?

खादाडखाऊ: फोर्ट कोचीतच रहा, जुन्या वाड्यांचे होमस्टे मस्त असतात, सकाळी चहा पिऊन चालत किनाऱ्यावरच्या मासे पकडायच्या चिनी जाळ्यांपर्यंत जायचं, ती मजा एर्नाकुलममध्ये नाही. बीचवर पोहायच्या अपेक्षेने जाऊ नका, तिथे नुसतं बसायचं. पोहायला चेराई बीच, त्यासाठी बोटीने समोरच्या वायपीन बेटावर उतरून पुढे बस किंवा रिक्षा. आणि करीमीन मासा खा! नवऱ्याला एर्नाकुलम बघायचंच असेल तर फोर्ट कोचीहून तिथल्या हायकोर्ट जेट्टीपर्यंत वॉटर मेट्रो आहे, २०२३ ला सुरू झाली, एसी बोट, तिकीट अगदी किरकोळ.

जुनंपुराणं: वार बघून जा हो. शेजारच्या मट्टनचेरीतला पॅलेस शुक्रवारी बंद, तिथलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शुक्रवारी-शनिवारी बंद (१५६८ चं आहे, चुकवू नका). सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ मध्ये पुरलं होतं, नंतर अवशेष पोर्तुगालला नेले, आता नुसती जागा दिसते. मट्टनचेरीत कोकणी बोलणारी जुनी वस्ती आहे, कानावर ओळखीचे शब्द पडतील.

भटकभवानी: ३१ डिसेंबर धरून गेलो तर?

खादाडखाऊ: त्या रात्री पप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा, पुतळा जाळतात, तुफान गर्दी. दोघांना निवांतपणा हवाय ना, मग आधीच्या आठवड्यात उरका.