दुकानात वाजवून बघता येत नसेल तर जुनी रेकॉर्ड कशी पारखायची?

मंद्र_सप्तक
शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या जुन्या रेकॉर्डी घ्यायच्या आहेत. मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट आणि पुण्यात जुना बाजार, असा बेत आहे. प्लेअर साधा आहे, मिनिटाला ३३ आणि ४५ फेऱ्यांवर चालतो. गठ्ठे चाळायला बसलं की वेळेचं भान राहत नाही, पण वाजवून बघायची सोय क्वचितच असते. नुसत्या नजरेने कसं ओळखायचं? आणि लाखेच्या, म्हणजे ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या घ्याव्यात का?

काळी_चार
आधी वार बघा. मटन स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सोबत छोटा टॉर्च ठेवा.

एलपी (३३ फेऱ्यांची तबकडी) काढताना बोटं फक्त कडेवर आणि लेबलवर. पहिली नजर मधल्या भोकाभोवती टाका. तबकडी लावताना प्लेअरची खुंटी लेबलला घासते आणि केसासारख्या चकचकीत रेषा उठतात. त्यांचं जाळं झालं असेल तर ती तबकडी भरपूर वाजली आहे, वरून कितीही चमकत असली तरी.

मग टॉर्च तिरका धरा. चांगल्या खाचा काळ्याभोर दिसतात, जड सुईने झिजलेल्या राखाडी. हा राखाडीपणा लेबलजवळच्या शेवटच्या इंचात मुद्दाम शोधा. आत जावं तसा फेरा लहान होतो, म्हणजे एका फेऱ्याचा तोच १.८ सेकंदांचा आवाज कमी लांबीच्या खाचेत बसवलेला असतो आणि झीज तिथे आधी ऐकू येते. त्यात ख्यालाची बाजू बहुधा द्रुतवर (जलद लयीवर) संपते, म्हणजे नेमक्या ताना तिथेच. विलंबित (संथ) भाग स्वच्छ आणि द्रुतमध्ये आवाज फाटतो, तो यामुळे.

चरा दिसला तर बोटाचं टोक अगदी हलकं फिरवा. लागला नाही तर बहुधा त्रास नाही. लागला तर दर फेऱ्याला ‘टक्’ होणार. खाचांना आडवा छेदणारा चरा एक वेळ चालेल. खाचांच्या दिशेने जाणारा नको, तिथे सुई अडकते किंवा उडी मारते. शेवटी तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून फिरवा. काठाला हलकी लाट असेल तर सुई सांभाळून घेते.

कव्हरात भलतीच तबकडी निघणं नेहमीचंच आहे, म्हणून लेबलवरचा नंबर कव्हरशी जुळवा. एचएमव्हीच्या जुन्या शास्त्रीय एलपींवर ‘ईएएलपी’ म्हणजे मोनो, ‘ईएएसडी’ म्हणजे स्टिरिओ. मोनो दिसली म्हणून मागे ठेवू नका, कित्येक उत्तम मैफली मोनोच आहेत.

पांढरी_पाच
वरच्या सगळ्याला दुजोरा. लाखेच्या तबकड्या जरूर घ्या, पण आधी ७८ चा प्लेअर आणि वेगळी सुई मिळवा. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांची पदं मुळात याच तबकड्यांवर आली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं. तेवढ्यात पद बांधून गायलेलं ऐकणं हा वेगळाच आनंद आहे.

एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, ७८ ला लागतं ७५ च्या आसपास. बारीक टोक खाचेच्या भिंतींवर न बसता तळाशी घासतं. तळाशी असते धूळ, म्हणून गाण्यापेक्षा खरखर जास्त येते.

या तबकड्या दुकानात आडव्या रचलेल्या असतात. मधली ओढून काढू नका, कडेचा टवका उडतो. वरचा ढीग दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवा, मग हवी ती घ्या. टवका गाणं सुरू होण्याआधीच्या कोऱ्या पट्टीपुरता असेल तर बिनधास्त घ्या. कडेपासून आत गेलेला केसासारखा तडा मात्र नको, पुढे तो वाढतच जातो. घरी नेताना मात्र त्या उभ्या न्या.

मंद्र_सप्तक
दोघांचेही मनापासून आभार. बुरशी लागलेल्या घ्याव्यात का? आणि धुवायच्या कशा?

पांढरी_पाच
पावसाळ्यानंतर पांढरे ठिपके बऱ्याच तबकड्यांवर दिसतात. ठिपका ओल्या फडक्याने निघाला आणि खाली चकाकी शाबूत असेल तर घ्या. खाली निस्तेज डाग राहिला तर तिथे कायमची सूं ऐकू येईल.

एलपीसाठी अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोनच थेंब. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा, साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धुवा आणि सावलीत उभी वाळवा. साबण राहिला तर सुईवर चिकटा जमतो.

लाखेच्या तबकडीलाही हेच पाणी चालतं, पण भिजत ठेवू नका. स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल तिच्या जवळही नेऊ नका, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. पहिल्याच फडक्याला काळा रंग लागला की समजा खाच गेली.

काळी_चार
एक राहिलं. धुतलेली तबकडी जुन्या कागदी पिशवीत परत घालू नका, तिच्यातली बुरशी पुन्हा लागते. नवीन पिशवी आणा, जुनी सांभाळायची असेल तर कव्हरमागे वेगळी ठेवा.