लेकरू डावखुरं आहे, हात बदलायला लावावा का?

परभणीची आई:
माझं लेकरू पाच वर्षांचं आहे, खडू चमचा बॉल सगळं डाव्या हातानं धरतंय. शाळेत मॅडम पेन्सिल काढून उजव्या हातात देतात, घरी सासूबाई म्हणतात डाव्या हातानं जेवू नये, आता ते जेवायला बसायचंच टाळायलंय. अजून एक, दुकानात दोन बिस्किटपुडे समोर धरले की बहुतेक वेळा डावीकडचाच उचलतंय. मेंदूत काही वेगळं असतं का?

अंबाजोगाईकर:
हात अजिबात बदलू नका ताई. दहात साधारण एक माणूस डावखुरा असतो, हा आजार नाही. डाव्या हाताला मेंदूचा उजवा भाग चालवतो हे खरं, पण म्हणून सगळा मेंदू उलटा होत नाही, बोलण्याचं केंद्र डावखुऱ्यांतही साधारण ७० टक्के लोकांत डाव्या भागातच असतं. डावखुरे म्हणजे जन्मजात कलाकार असलं काही डोक्यात घेऊ नका, लेकरावर उगं ओझं होतं.
बिस्किटाचं म्हणाल तर २००९ मध्ये कासासांटो नावाच्या मानसशास्त्रज्ञानं हेच दाखवलं, दोन्हीकडं सारख्याच गोष्टी ठेवल्या तर उजव्या हाताच्या लोकांचा कल उजवीकडं आणि डावखुऱ्यांचा डावीकडं. जो हात सहज चालतो ती बाजू बरी वाटते. नंतर उजव्या हाताच्या लोकांच्या उजव्या हातात जाड हातमोजा घालून थोडा वेळ काम करून घेतलं तर त्यांचा कल डावीकडं वळला.

औशाचा शेतकरी:
मी डावखुरा, वय ५२. मास्तरांनी छड्या मारून लिहायचा हात बदलला, अक्षर आजपण खराब आहे. ज्वारी काढायला बाजारचा विळा हातात बसायचाच नाही, सगळे म्हणायचे पोरगं कामचुकार आहे. मग गावच्या लोहारानं उलट्या धारेचा करून दिला अन् त्या सुगीत मी भावाच्या बरोबरीनं पात धरली. फार लागतं हो मनाला हे.

लातूरची मावशी:
ताटात चटणी कोशिंबीर डावीकडं अन् भाजी उजवीकडं, हे उजव्या हाताच्या सोयीचंच आहे की. त्याचं ताट उलटं वाढून बघ. अन् वहीचा वरचा भाग उजवीकडं झुकवून ठेव, बाकावर डाव्या टोकाला बसव, कोपर शेजारच्याला लागणार नाही.

परभणीची आई:
मावशी, रात्री ताट उलटं वाढलं. दीड भाकर खाल्ली त्यानं, सासूबाई बघत होत्या पण काही बोलल्या नाहीत. सोमवारी मॅडमला भेटायला चाललेय.