फेरेट स्काउट कार: रिव्हर्सलाही पाच गिअर कशासाठी?

नगरचा_मॉडेलवाला:
लेकीबरोबर ब्रिटिशांच्या फेरेट मार्क २ या चिलखती टेहळणी गाडीचं १:३५ मॉडेल जोडतोय. वाचलं की चिलखत जाडीला फक्त ६ ते १६ मिलिमीटर, हत्यार म्हणाल तर टरेटमध्ये (वरच्या फिरत्या मनोऱ्यात) एक ब्राउनिंग मशिनगन आणि माणसं दोन. पुढे पाच गिअर, मागेही पाच! एवढ्या पातळ गाडीने लढायचं कसं? आणि आपल्या फौजेत ती होती का?

कॉव्हेंट्रीचा_सांगलीकर:
दादा, ती लढण्यासाठी नव्हतीच. शत्रू कुठे आहे ते बघायचं, वायरलेसवर कळवायचं आणि जिवंत परत यायचं, एवढंच तिचं काम. अरुंद रस्त्यावर समोरून गोळीबार सुरू झाला तर गाडी वळवायला वेळ कुठला? म्हणून ट्रान्सफर बॉक्सवर (गिअरबॉक्सकडून आलेला जोर चाकांकडे पाठवणारी पेटी) पुढे-मागे करायचा वेगळा लिव्हर दिला. तो ओढला की तेच पाचही गिअर उलटे चालतात. जितक्या वेगाने आलात तितक्याच वेगाने मागे. चिलखत रायफलच्या गोळ्या आणि तोफगोळ्याच्या कपच्या अडवण्यापुरतं. सुरुंगापुढे मात्र ती दुबळीच.

आमच्या गावच्या डेमलर कंपनीने १९५२ ते १९७१ मध्ये या ४,४०९ गाड्या बांधल्या. इथल्या एका मित्राकडे एक आहे, शनिवारी तिच्यावर हात काळे करतो. इंजिन मागे, रोल्स-रॉइसचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ४.२६ लिटर. क्लचच्या जागी जो पेडल आहे तो क्लच नाहीच. हव्या त्या गिअरवर लिव्हर आधीच लावून ठेवायचा, मग वेळ आली की पेडल दाबायचा. पण दाबायचा तो पार तळापर्यंत! अर्धवट दाबलात तर असा उसळून येतो की गुडघा दुखावतो. नवख्या माणसाला मी हेच आधी सांगतो.

आणखी एक. डिफरन्शियल (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) मधोमध एकच, तिथून एकेका बाजूच्या दोन्ही चाकांना शाफ्ट. डांबरी रस्त्यावर फार वेळ चालवली की शाफ्टमध्ये पीळ साठतो, मग फुटपाथच्या कडेवर एक चाक चढवून तो सोडवावा लागतो. वाळूत नि चिखलात ही अडचण नाही.

मलाया, सायप्रस, एडन अशा ठिकाणी ताफ्यांना सोबत करणं, रस्ते राखणं ही कामं तिने वर्षानुवर्षं केली. १९९१ च्या आखाती युद्धातही ब्रिटिशांकडे काही फेरेट होत्या. चाळीस वर्षं टिकणं ही या गाडीची खरी शाबासकी. भारतीय लष्करानेही ती वापरली.

घोडदळप्रेमी:
नगरचेच आहात, तर तिथल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडी नक्की बघा. फेरेटच्या घराण्याची ती आजी! मोटारीवर पत्रा चढवायचा आणि टेहळणीला पाठवायची, हा विचार तिथे प्रत्यक्ष दिसतो. लेकीलाही न्या.

नगरचा_मॉडेलवाला:
रविवारी जातोच. सांगलीकर, स्टिअरिंगची वरची कड ड्रायव्हरकडे झुकलेली दाखवलीय, उलटं बसवलंय का आम्ही?

कॉव्हेंट्रीचा_सांगलीकर:
बरोबर बसवलंय, खऱ्या गाडीतही तसंच आहे. जादा चाक मात्र डाव्या बाजूला लावा, आणि मार्क २ च्या टरेटला मोटर नाही, कमांडर हातानेच फिरवतो. त्यामुळे ते चिकटवून टाकू नका, लेकीला फिरवू द्या.