कॅम्पसमधल्या झाडाची किंमत किती धरायची?

खाडीकाठचा: आमच्या नवी मुंबईतल्या विद्यापीठात (नाव घेत नाही, नोकरी टिकवायचीय) पार्किंग वाढवायला नऊ वर्षावृक्ष (रेन ट्री) तोडायचं घाटतंय. सगळे चाळिशीचे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०२१मध्ये झाडाचं मोल काढलं होतं, वय गुणिले ७४,५००. म्हणजे एकेक झाड जवळजवळ ३० लाखांचं. बैठकीत हा आकडा मांडू का?

हिशेबनीस: मांडा, हसतील. पश्चिम बंगालमधल्या रेल्वे पुलांसाठी ३५६ झाडं तोडायची होती, त्या प्रकरणातली ती शिफारस, कायदा नव्हे. त्यातले ४५,००० तर नुसते ऑक्सिजनचे! वर्षावृक्ष मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. काळ्या चिकट शेंगा पडतात, पावसाळ्यात फांद्या. गेल्या जुलैत माझ्या स्कूटरचा आरसा गेला. मीही त्याच कॅम्पसात आहे म्हणून सांगतो, पोरांना गाड्या लावायला जागा नाही हा प्रश्न खरा आहे.

चिंचपोकळीचा ठाणेकर: मिरचीही तिकडचीच. ठेच्याला कधी हरकत घेतलीत?

रानजाई: फांदी पडली त्याचा दोष झाडाला का? पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवायचे, केबलसाठी मुळं छाटायची, फांद्या एकाच बाजूने तासायच्या आणि मग म्हणायचं झाड धोकादायक. माझं मत वेगळंच आहे. आकडा मांडूच नका. एकदा ३० लाख म्हणालात की समोरचा विचारतो, चेक कोणाच्या नावाने फाडू?

खाडीकाठचा: मग काय मांडू? ‘खूप छान वाटतं’?

रानजाई: कायदा मांडा. राज्याच्या वृक्षतोडीच्या कायद्यात २०२१ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात, तीही सहा-आठ फुटांची, आणि सात वर्षं जगवायची. नऊ झाडांची ३६० झाली. जागा दाखवा म्हणावं. पन्नाशी गाठली की झाड ‘हेरिटेज’, मग तोडणं आणखी अवघड. चाळिशीतच कुऱ्हाड का आठवली, ते ज्याचं त्याने ओळखावं. वृक्ष अधिकाऱ्याची नोटीस बुंध्यावर लागते, सात दिवसांत लेखी हरकत द्या. इथे लिहून उपयोग नाही.

हिशेबनीस: संशयच घ्यायचा तर कशावरही घेता येतो. ३६० रोपं शहराबाहेर लागली तरी झाडं वाढलीच ना?

रानजाई: वाढली. पण मे महिन्यात परीक्षेला येणारं पोर त्या रोपांखाली उभं राहणार आहे का?

खाडीकाठचा: हिशेबनीस, एक विचारू? तुमची स्कूटर त्या दिवशी झाडाखाली का होती? मागचं उघडं मैदान निम्मं रिकामंच असतं.

हिशेबनीस: तिथे दुपारी सीटवर बसता येत नाही हो.

चिंचपोकळीचा ठाणेकर: 😄

हिशेबनीस: हसा. हरकतीचा मसुदा असेल तर पाठवा, वाचतो. सही करेनच असं नाही.