रबराच्या चिकात फॉर्मिक अ‍ॅसिडच का?

रानवाटा: आमच्याकडे दोडामार्गात चीक ट्रेमध्ये ओतून फॉर्मिक अ‍ॅसिड घालतात आणि सकाळपर्यंत दह्यासारखी वडी पडते, हे नेमकं होतं कसं, आणि दुकानदार स्वस्तातलं सल्फ्युरिक घ्या म्हणतोय ते चालेल का?

केमिकलवाला: ताज्या चिकाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) ७ च्या आसपास, रबराच्या कणांवर ऋण भार असतो म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात, अ‍ॅसिडने पीएच ५ च्या खाली गेला की भार उतरतो आणि कण चिकटतात. फॉर्मिक धुताना बरंचसं निघतं, उरलेलं सुकताना उडतं. सल्फ्युरिक उडत नाही, आत राहून वडीपासून बनणारी रबराची शीट खराब करतं. चार पैशांसाठी माल घालवू नका राव.

सुमाताई: फॉर्मिकचा कॅन बहुतेक ८५ टक्क्यांचा असतो, कातडी भाजते, हातमोजे आणि चष्मा घालूनच उघडा. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये अजिबात नाही!!

रानवाटा: धन्यवाद ताई. लोखंडी बादली चालेल?

केमिकलवाला: नको, गंजेल, प्लॅस्टिकचीच घ्या. हेच अ‍ॅसिड चामडं कमावताना, कापड रंगवताना लागतं, युरोपात हिरव्या चाऱ्याचं सायलेज (आंबवून साठवलेला चारा) टिकवायलाही वापरतात.